डब्यावर १२० मीटर, घरात १२ पायऱ्या

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. स्कूटीच्या चावीला आणि भावाच्या बॅगेला त्यांनी ब्लूटूथ टॅग, म्हणजे हरवलेली वस्तू फोनवर शोधून देणारी छोटी चकती, लावले. डब्यावर पल्ला १२० मीटर लिहिलेला. पण चावी वरच्या खोलीत राहिली की खालच्या स्वयंपाकघरातून फोनला ती सापडतच नाही. भाऊ विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला निघाला, तर नकाशावर बॅग रात्रभर बडनेऱ्यालाच बसून राहिली आणि पहाटे एकदम कल्याणला उगवली. टॅग खराब निघाले का, दुकानदाराकडून बदलून घेऊ का, असं त्या विचारतात.

ताई, नका बदलून घेऊ. दुसरा आणाल तोही असाच वागेल.

मी बरीच वर्षं मोबाइल टॉवरांचा सिग्नल मोजत विदर्भभर हिंडलो, गाडीच्या टपावर अँटेना आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन. आता बर्डीत दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. टॅग घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ लोकांची तक्रार तुमचीच असते, आणि जवळजवळ सगळ्यांचा समज एकच असतो की टॅगला आपण कुठं आहोत ते माहीत असतं. त्याला काहीच माहीत नसतं. गल्लीतला गुरखा रात्री काठी आपटत शिट्टी मारतो, तसा हा टॅग दर थोड्या वेळानं फक्त 'मी आहे' एवढं ओरडतो आणि पुन्हा झोपतो. कोण ऐकतंय, कुणी ऐकलं का, याचा त्याला पत्ता नसतो. नकाशावरचा ठिपका ऐकणाऱ्या फोनचा असतो, टॅगचा नसतो.

हे असं का बनवलं, ते बॅटरीकडे बघितलं की कळतं. आत सीआर२०३२ नावाचा सेल असतो, एक रुपयाच्या नाण्याएवढा. त्यात साधारण २२५ मिलिअँपिअर-तास वीज मावते. वर्षभराचे तास ८,७६०. भागाकार केला तर सरासरी खर्चाला २५ मायक्रोअँपिअर मिळतात. जीपीएसचा रिसीव्हर चालू ठेवायचा तर त्याला एकट्याला याच्या हजारपट, २०-२५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे सेलचा हिशेब नऊ ते अकरा तासांत संपला. वर सिमकार्डाचा मोडेम बसवला तर तो क्षणभर का होईना, पण जो करंट ओढतो तो हा सेल देऊच शकत नाही. म्हणून गाडीला लावायच्या जीपीएस ट्रॅकरला गाडीच्या बॅटरीची वायर लागते, सिम लागतं, दरमहाचा रिचार्ज लागतो. टॅगला यातलं काही लागत नाही, कारण तो जवळजवळ काही करतच नाही.

जे करतो ते असं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथ लो एनर्जीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचे, ४० चॅनल आहेत. त्यातले तीन अशा आरोळीसाठी राखीव: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनलांची गर्दी चुकवून, मधल्या फटींत ते मुद्दाम बसवलेत. टॅग या तिन्हींवर एक छोटा संदेश टाकतो. जुन्या, साध्या पद्धतीत त्यात जेमतेम ३१ बाइटचा मजकूर मावतो. संदेश संपायला मिलिसेकंद लागतात, मग टॅग एक-दोन सेकंद गप्प.

आता पल्ल्याचा हिशेब. आम्ही टॉवरवाले याला लिंक बजेट म्हणायचो. घरखर्चासारखं मांडून सांगतो, फक्त रुपयांच्या जागी डेसिबल, म्हणजे सिग्नल किती क्षीण झाला त्याचं माप.

टॅगची ताकद साधारण एक मिलिवॉट धरा. फोनचा कान चांगला असेल तर तो त्याहून ९५ डेसिबल क्षीण आवाजापर्यंत ऐकू शकतो. म्हणजे खिशात ९५ आहेत. मोकळ्या हवेत पहिल्या मीटरलाच ४० जातात. दहा मीटरवर एकूण ६०, शंभर मीटरवर ८०. टॅगचा अँटेना नखाएवढा, फोनचाही चारचौघांत दाटीनं बसवलेला, त्या दोघांच्या नावावर आणखी १० लिहा. तर शंभर मीटरवर ९० खर्च होऊन पाच उरले. म्हणजे डब्यावरचा आकडा खोटा नाही. कस्तुरचंद पार्कच्या मोकळ्या मैदानात, टॅग उंच धरून, मध्ये कुणी नसताना तो खरा ठरू शकतो. चावी तिथं हरवत असती तर प्रश्नच नव्हता.

तुमच्या घरात मध्ये स्लॅब आहे. सिमेंट आणि सळ्यांचा स्लॅब सहज २० खातो. आणि हा हिशेब फार निर्दय आहे: सहा डेसिबल गेले की पल्ला अर्धा, वीस गेले की दहावा हिस्सा. एका स्लॅबनं शंभर मीटरचे दहा मीटर केले. नऊ इंची विटांची भिंत आली, तिचे आठ-दहा. राहिलं काय? तिरप्या रेषेत जिन्याच्या बारा पायऱ्या. महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तर दीड-दीड फुटांच्या भिंती आहेत. तिथं या खोलीतला टॅग त्या खोलीत लागला तरी नशीब समजायचं.

त्याहून वाईट तीन गोष्टी आहेत: लोखंड, पाणी आणि आपण स्वतः. लोखंडी कपाटात टॅग ठेवून दार लावलं की तो जवळपास मुका. पाणी २.४ गिगाहर्ट्झची लहर पिऊन टाकतं, मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो तो उगीच नाही. माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे चावी तुमच्या मागच्या खिशात आणि फोन समोर हातात असेल तर तुमचं शरीर १० ते २० खाऊन टाकतं.

आणि आपल्या नागपुरात लोखंड आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी ठेवायची पद्धत आहे: कूलर. मार्च लागला की खिडकीला पत्र्याचा कूलर लागतो, टाकीत पाणी, तिन्ही बाजूंना ओली वाळ्याची किंवा गवताची ताटी. आता बघा, घरातून बाहेर उभ्या गाडीपर्यंत सिग्नल जातो कुठून? भिंतीतून थोडा, खिडकीतून बराच. ती खिडकीच आपण चार महिने पत्रा आणि पाणी लावून बुजवतो. 'हिवाळ्यात अंगणातली गाडी घरातून दिसायची, आता दिसत नाही, टॅगची बॅटरी गेली का' असं विचारत एप्रिलमध्ये माणसं येतात. मी आधी विचारतो, भाऊ, कूलर कोणत्या खिडकीला लावला?

ऐकणारा फोनही तितकाच दोषी असतो. फोन सतत कान लावून बसत नाही, तोही बॅटरी वाचवायला मधेमधेच ऐकतो. टॅग ओरडला तेव्हा फोन झोपलेला, फोन जागा झाला तेव्हा टॅग झोपलेला, असं चुकामूक होत राहते. म्हणून ॲप उघडून दोन सेकंदांत 'नाही' म्हणू नका, अर्धा मिनिट थांबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी बचतीच्या नावाखाली मागे चालणारी ॲप मारून टाकायची खोड असते. टॅगच्या ॲपला त्यातून सूट द्या आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी' ठेवा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

घरात शोधायची एक युक्ती सांगतो, टॉवरच्या काळातली. ॲपमध्ये सिग्नलची ताकद दिसत असेल तर फोन छातीशी धरा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. टॅग पाठीमागे आला की तुमचं शरीर आडवं येतं आणि सिग्नल पडतो. जिथं तोंड केल्यावर सगळ्यात जोर येतो, त्या दिशेला चला. दुसरं, या लहरीची लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर आहे. भिंतीवरून, भांड्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि मधेच एखादी मेलेली जागा तयार होते. तिथून फोन चार बोटं सरकवला तरी सिग्नल परत येतो. म्हणून एका जागी उभं राहून निकाल देऊ नये. आणि सरळ बीप वाजवता येत असेल तर पंखा-कूलर बंद करून वाजवा. हे सांगावं लागतं, हसू नका. कूलरच्या घरघरीत त्या इवल्या स्पीकरचं काय ऐकू येणार?

महागड्या टॅगांत अल्ट्रा-वाइडबँड नावाची आणखी एक सोय असते. ॲपलच्या एअरटॅगमध्ये ती २०२१ पासून आहे, सॅमसंगच्या स्मार्टटॅग २ मध्येही आहे. इथं सिग्नल किती जोरात आला हे बघत नाहीत, जायला-यायला किती वेळ लागला हे मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळ तेवढं बारीक असलं की अंतर वीतभर चुकीत कळतं आणि फोन बाण दाखवतो. मात्र फोनमध्येही ती चिप हवी. आयफोनांत ती ११ पासून आहे, एसई आणि १६ई अशी स्वस्त मॉडेलं सोडून. टॅगमध्ये चिप आहे आणि फोनमध्ये नाही, तर जास्तीचे पैसे वाया.

एवढा झाला घरातला पल्ला. बॅग बडनेऱ्याला का बसली, हा वेगळाच मामला आहे, आणि तिथं मीटर चालतच नाहीत.

तुमचा फोन नागपुरात, बॅग वर्ध्याच्या पुढे. त्यांच्यात थेट काही बोलणं होऊच शकत नाही. बॅगेची आरोळी डब्यातल्या कुणा सहप्रवाशाच्या फोननं ऐकली, त्या फोननं स्वतःचं ठिकाण टिपलं आणि इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवलं, तर तुमच्या नकाशावर ठिपका येतो. या पाठवापाठवीत त्या प्रवाशाला काही कळत नाही, आणि कंपनीलाही ठिकाण वाचता येत नाही. टॅग आरोळीबरोबर जणू एक उघडं कुलूप देतो. ऐकणारा फोन आपली चिठ्ठी पेटीत टाकून ते कुलूप दाबून लावतो, आणि किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये. शिवाय हे कुलूप टॅग अधूनमधून बदलत राहतो, नाहीतर बाजारात कुणीही एका टॅगचा माग काढत बसला असता.

म्हणजे इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात: डब्यात योग्य प्रकारचा फोन, त्याचं ब्लूटूथ चालू, लोकेशन चालू, आणि पाठवायला नेटवर्क. बडनेरा सुटल्यावर रात्रीची वेळ, माणसं फोन विमान मोडवर टाकून झोपलेली, दोन स्टेशनांमध्ये नेटवर्क येतं-जातं, बॅग बर्थखाली लोखंडी पेट्यांच्या मागे. पहाटे कल्याण आलं, सगळे उठले, फोन काढले, आणि तुमचा ठिपका जागा झाला. ठिपक्याच्या शेजारी वेळ लिहिलेली असते, ती आधी वाचायची सवय लावा. पाच तासांपूर्वीचं ठिकाण म्हणजे बातमी नव्हे, इतिहास आहे.

'योग्य प्रकारचा फोन' म्हणालो, खरा पैसा इथं वसूल होतो किंवा बुडतो. ॲपलच्या टॅगची हाक ॲपलचीच यंत्रं पोचवतात. सॅमसंगच्या स्मार्टटॅगची फक्त गॅलेक्सीवाली. गुगलचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, आता त्याला फाइंड हब म्हणतात, आणि त्यात अँड्रॉइड ९ च्या पुढचे फोन येतात. कागदावर आपल्याकडे हेच सगळ्यात मोठं असायला हवं, कारण इतवारीत उभं राहून मोजा, दहातले नऊ हात अँड्रॉइड धरलेले दिसतील. पण गुगलनं एक अट घातली आहे. फोन आहे तसाच ठेवला तर तो फक्त गर्दीच्या जागी मदत करतो, म्हणजे एकाच टॅगला अनेक फोनांनी ऐकलं तरच ठिकाण कळवलं जातं. एकट्या माणसाच्या घराचा पत्ता असा फुटू नये हा हेतू, आणि तो मला पटतो. पण परिणाम असा की बर्डीच्या मेन रोडवर टॅग सापडतो आणि काटोलच्या संत्र्याच्या बागेत सापडत नाही. सेटिंगमध्ये 'सर्व ठिकाणी' असा पर्याय आहे. आपल्या आणि घरच्यांच्या फोनवर तो चालू करून ठेवा, दुसऱ्याच्या फोनवर आपला काय जोर?

आणखी एक वर्ग आहे, दोन-तीनशे रुपयांच्या टॅगांचा. यातल्या बऱ्याच टॅगांच्या मागे जाळंच नसतं. त्यांचं 'शेवटचं ठिकाण' म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोननं टॅगला शेवटचं ऐकलं ती जागा. घरात चावी शोधायला हे पुरे आहे, बॅगेला लावून फायदा नाही. विकत घेताना डब्यावर मीटर वाचू नका, 'ॲपल फाइंड माय' किंवा 'गुगल फाइंड हब' यांतलं कोणतं नाव आहे ते वाचा, आणि ते आपल्या फोनचं आहे का ते बघा. एअरटॅग अँड्रॉइडवर सुरूच करता येत नाही. तरी भेट म्हणून आलेला घेऊन लोक येतात.

उमरेड रस्त्यावरचे एक गवळीकाका मागच्या वर्षी आले होते. चार म्हशींना टॅग बांधायचे म्हणाले, चरायला जातात आणि एक हमखास मागे राहते. मी त्यांना बसवून चहा पाजला. म्हैस म्हणजे पाण्याचं चालतं पिंप, टॅग मानेच्या त्या बाजूला गेला की इकडे काही ऐकू येणार नाही. ती डबक्यात बसली की टॅग पाण्याखाली, तिथून सिग्नल बाहेर पडत नाही. आणि माळावर ऐकणारा फोन एकच, तो गुराख्याचा, आणि तो म्हशीजवळ असता तर म्हैस हरवलीच नसती. काका म्हणाले, 'मग हे काऊन विकता बाप्पा?' मी म्हटलं, काका, बाजारात हरवणाऱ्या वस्तूंसाठी. ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

चोरीसाठी टॅग लावणारे बरेच असतात, त्यांची थोडी निराशा करतो. कुणी दुसऱ्याच्या गाडीत गुपचूप टॅग टाकून पाठलाग करू नये म्हणून ॲपल आणि गुगलनं मिळून नियम ठरवला. मे २०२४ पासून आयओएस १७.५ आणि अँड्रॉइड ६ च्या पुढच्या फोनांना, अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असेल तर सूचना येते. मालकापासून बराच वेळ दूर राहिलेला टॅग हलवला की आपणहून वाजतोही. ही सूचना चोरालाही येते, हे ओघानं आलंच. गाडी चोरीला गेल्यावर पहिला तास-दोन तास टॅगचा उपयोग होऊ शकतो, नंतर तो नालीत पडलेला मिळतो. गाडीसाठी वायरवाला जीपीएसच लावा. आणि बायकोच्या पर्समध्ये न सांगता टाकायला टॅग मागणारा गिऱ्हाईक आला तर मी 'संपले' म्हणतो. ताई, तुमच्या भावाच्या फोनवरही अशी सूचना आली असेल, कारण टॅग तुमच्या नावावर आणि बॅग त्याच्याजवळ. ॲपमधून टॅग त्याच्यासोबत शेअर करा, सूचना थांबेल आणि त्यालाही बॅग दिसेल.

बॅटरीचं थोडक्यात. इथं उन्हाळ्यात पारा ४७ च्या पुढे गेलेला आहे, २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९. एअरटॅगला कंपनी ६० अंशांपर्यंत चालेल म्हणते. उन्हात उभ्या स्कूटीच्या डिकीत, खाली गरम इंजिन, दुपारी तीनला हात घालून बघा. टॅग डिकीत कायमचा ठेवला तर सेल लवकर मरतो असा माझा अनुभव आहे. नवा सेल टाकूनही टॅग उठत नसेल तर सेलवर कडू लेप आहे का बघा. पोरांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या तो लावतात, आणि एअरटॅगसारख्या टॅगात तो संपर्काच्या मध्ये येतो. लेप नसलेला घ्या, पण मग तुम्हालाच जपावं लागेल. नाणेसेल लेकरानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. असं झालं तर शौचातून पडेल म्हणून वाट बघायची नाही, थेट दवाखाना. जुना सेल काढला की त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मगच टाका.

तुमच्या चावीचं म्हणाल तर वरच्या खोलीत जिन्याच्या तोंडाशी खिळा ठोकून ती तिथं टांगा. जिन्याच्या पोकळीतून सिग्नल स्लॅब न ओलांडता खाली उतरतो, खालून बीप वाजेल.